पाण्याच्या पाळीला ऐकलेलं

माझा पुतण्या पुण्यात कंप्युटरच्या कंपनीत असतो. मागच्या दिवाळीला आला तेव्हा त्यानं माझ्या मोबाईलमध्ये वीस-पंचवीस अल्बम भरून दिले. अल्बम म्हणजे आमच्या भाषेत अख्खी क्यासेट. म्हणाला, "नाना, जगात नावाजलेले हायेत हे. लोक याच्यावर पुस्तकं लिहितात. ऐका आन मला सांगा कसे वाटले." मी म्हणलं सांगतो. आता सांगायला बसलो तर कागद वाढला, म्हणून इथंच लिहितो.

आधी माझी लायकी सांगून ठेवतो. शिक्षण दहावी. सूर कोणता न ताल कोणता हे मला विचारू नका. पण ऐकणं लहानपणापासून आहे. देवळातलं भजन, लग्नातला कर्णा, पुढं रेडिओ, मग टेप. आमचं गाव फुलंब्रीच्या अंगाला. रब्बीत लाईट एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. रात्रीच्या आठवड्यात मी गव्हाला दारं धरायला जातो तेव्हाच हे सगळं ऐकलं. तेही एका कानानं. दुसरा कान मोकळा ठेवावाच लागतो. मोटार बंद पडली तर कळलं पाहिजे, रानडुकरं घुसली तर कळलं पाहिजे, आणि दोन वर्षांपासून आमच्या शिवारात बिबट्याही आहे. तेव्हा ही एका कानाची समीक्षा आहे असं समजून वाचावं.

एक फायदा मात्र झाला. जुन्या रेकॉर्डची एक बाजू वाजायला वीस-बावीस मिनिटं लागतात. आमच्या पाच हॉर्सपावरच्या मोटारीवर तेवढ्यात चार वाफे भरतात. एक अल्बम म्हणजे आठ वाफे. आठ वाफे होईपर्यंत जे ऐकवत राहतं, मधीच बोंडं कानातून काढून खिशात टाकावी वाटत नाहीत, ते चांगलं. एवढंच माझं माप. दुसरं माप माझ्यापाशी नाही.

पुतण्याच्या यादीत पहिल्या नंबरावर इंग्रजी होतं. पिंक फ्लॉइड नावाच्या मंडळींचं, १९७३ सालचं, 'द डार्क साइड ऑफ द मून'. सुरुवातीला काळजाचे ठोके, मग माणसं बोलतात, मग एकदम पाच-पन्नास घड्याळं वाजतात. मी फावडं टाकून उभाच राहिलो. पुढं एका गाण्यात पैशाची नाणी आणि गल्ल्याचं मशीन तालात वाजवलंय, आणि ते मात्र मला लगेच कळलं. बाजार समितीत लिलावाच्या दिवशी व्यापारी आकडे ओरडत ढिगावरून ढिगावर जातात, त्यालाही असाच एक ताल असतो. आपल्या मालाचा ढीग आला की त्या तालात आपलं काळीज वाजायला लागतं. त्या साहेबांनी पैशाचा आवाज बरोबर पकडलाय. पण त्यांचं पैशाचं दुःख पैसा जास्त झाल्याचं वाटलं. आमच्याकडं त्या दुःखाची साथ अजून आलेली नाही. आणि पुतण्या म्हणतो यातले आवाज या कानातून त्या कानात जातात, तर निम्मे आवाज माझ्या खिशातच वाजत राहिले असतील.

मायकल जॅक्सनचं 'थ्रिलर' १९८२ चं. जगात सगळ्यात जास्त खपलेला अल्बम म्हणतात. हा माणूस १९९६ साली मुंबईला अंधेरीत येऊन नाचून गेला, तेव्हा आमच्या गावातल्या पोरांनीही एक हातमोजा घालून गणपतीत नाच केला होता. ऐकायला झकास आहे, पाय उचलतो. पण चिखलात पाय उचलून उपयोग नाही. हा अल्बम उभ्या माणसाचा आहे, वाकलेल्या माणसाचा नाही. एवढंच बोलतो न पुढं जातो.

पुढचं होतं 'कॉल ऑफ द व्हॅली'. हे आपल्याकडचं. १९६७ साली शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काबरांची गिटार अशी तिघांनी मिळून केलेली रेकॉर्ड. तबल्यावर माणिकराव पोपटकर, म्हणजे आपलंच माणूस. यात गाणं नाही, नुसती वाद्यं. काश्मीरच्या डोंगरातल्या एका मेंढपाळाचा दिवस उगवतीपासून रात्रीपर्यंत दाखवलाय. सकाळी अहिर भैरव, मग दिवस चढत जातो, आणि शेवट पहाडीवर. रागांची नावं पुतण्यानं लिहून दिली म्हणून लिहितो.

ही रेकॉर्ड मी चारदा ऐकली. त्यातलं एकदा एका खऱ्या मेंढपाळाला शेजारी बसवून. दिवाळीनंतर आमच्याकडं धनगर मेंढरं घेऊन उतरतात. आपण त्यांना रानात मेंढरं बसवायला सांगतो, लेंड्यांचं खत होतं, त्यांना दाणे-पैसे मिळतात. त्या रात्री वाघूर लावून मेंढरं बसली होती, म्हातारा शेकोटीपाशी होता. मी बोंडं काढून मोबाईल मोठ्यानं लावला. त्यानं अर्धा तास काही न बोलता ऐकलं. बासरी आली की मान हलवायचा. संपल्यावर म्हणाला, "बासरी झ्याक हाये. वाजिवणाऱ्याला रान ठावं हाये. पण यात कुत्रं कुठंय? एकदाबी भुकलं न्हाई. तिकडं लांडगा येत न्हाई का?"

मला या रेकॉर्डबद्दल जे सांगायचं होतं ते त्यानंच सांगून टाकलं. या मेंढपाळाला दिवसभरात एकही मेंढरू हरवत नाही. कुणी शेतवाला काठी घेऊन अंगावर येत नाही. दुपारी त्याला प्रेमात पडायलाही सवड आहे. तरी मी ही रेकॉर्ड खाली ठेवणार नाही, कारण सांजेचा जो तुकडा आहे तो खरा आहे. मेंढरं परत फिरली की धुळीचा एक पट्टा उभा राहतो न घंट्या एकात एक मिसळतात. संतूर नेमकं तसं वाजतं. सांज पकडायला कुत्र्याची गरज पडली नाही. रात्र पकडायला पडली असती.

यादीत मराठी फार थोडं होतं. 'गीतरामायण' होतं, ते असायलाच पाहिजे. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला, पुण्याच्या आकाशवाणीवर सुरू झालं. आठवड्याला एक गाणं, माडगूळकरांनी लिहायचं, सुधीर फडक्यांनी चाल लावायची. अधिक महिना आला न छप्पन्न गाणी झाली. तेव्हा आमचा मराठवाडा अजून हैदराबाद राज्यात होता. आमच्या पिढीनं ते ऐकलं पुढं, फडक्यांच्या एकट्याच्या आवाजात. एका कानानं ऐकणाऱ्याला याच्यासारखं दुसरं नाही. शब्दन् शब्द स्वच्छ, जणू पाटावर मांडून ठेवलाय. माझी आजी निरक्षर होती, तिला एकही ओळ समजावून सांगावी लागली नाही. दर आठवड्याला नवं गाणं न ते वर्षभर पडत नाही, ही मेहनत शेतकऱ्यालाच कळेल. वर्षभर न चुकता दूध घालणाऱ्यालाही कळेल.

पण माझं एक म्हणणं आहे. यात राम बोलो, शूर्पणखा बोलो, नाही तर गंगेवरचे नावाडी बोलोत, सगळे एकच शुद्ध भाषा बोलतात. माडगूळकरांना गावची बोली येत नव्हती असं थोडंच आहे. ते माणदेशातले, त्यांच्या लावण्या ऐका, ठसका कसा आहे. इथं मात्र त्यांनी सगळ्यांना धुतलेले कपडे घातले. आमच्या पैठणच्या नाथांनी साडेचारशे वर्षांआधी उलटं केलं. भारुडात महार बोलतो तसा महार, जोशी बोलतो तसा जोशी, वासुदेव, गारुडी, आंधळा, ज्याची त्याची भाषा ज्याच्या त्याच्या तोंडी. आमच्याच जिल्ह्यातले निरंजन भाकरे भारुडाला उभे राहिले की समोरची बाई हसता हसता रडायची. ते हसू गीतरामायणात नाही. देवाच्या कामात हसू कशाला, असं कुणी म्हणेल. नाथांना विचारा.

भीमसेन जोशींच्या अभंगांचंही असंच, थोरपण कबूल करून बोलतो. आवाज म्हणजे विहिरीतून येणारा. पण ती रेकॉर्ड गावोगाव गेली न आमच्या भजनी मंडळातला जो तो तान घ्यायला लागला. पूर्वी अभंग म्हणजे चाळीस माणसांनी एका दमात म्हणायची गोष्ट. क्यासेट आल्यावर एक जण म्हणणार न एकोणचाळीस ऐकणार. यात पंडितजींचा काय दोष? वाघानं उडी मारली म्हणून शेळीनंही मारायची का? पण झालं ते झालं. कुमार गंधर्वांची निर्गुणी भजनं मात्र कुणाला नक्कल करता आली नाहीत, म्हणून ती तशीच राहिली. क्षयानं एक फुफ्फुस गेलेला माणूस, श्वास तुटतो तिथंच सूर तोडतो न तिथूनच पुढं जातो. पहाटे तीनला, थंडीनं बोटं वळत नसताना, यादीतलं हेच मला सगळ्यात जवळचं वाटलं. त्याचं कारण मला नीट सांगता येत नाही.

आता यादीत नव्हतं ते सांगतो.

पुतण्याच्या यादीत प्रल्हाद शिंदे नाहीत. आनंद-मिलिंदचे वडील, आदर्शचे आजोबा. कर्ण्यावर वाजणाऱ्या महाराष्ट्राचा सगळ्यात मोठा आवाज कोणता, असं मला कुणी विचारलं तर मी दुसरं नाव घेणार नाही. आमच्या लहानपणी लग्नाला स्पीकरवाला सायकलवर पेटी बांधून यायचा. मशीन, कर्णा, बॅटरी आणि रेकॉर्डचं खोकं. कर्णा लिंबाच्या झाडाला बांधला की पहिली रेकॉर्ड देवाची, हा नेम. मग जेवणाच्या वेळेला सिनेमाची गाणी. 'शोले' आल्यानंतर तर गाणीही मागं पडली. डायलॉगची रेकॉर्ड निघाली होती, पोलिडॉर कंपनीची. नवरदेव मारुतीच्या पारावर न लिंबावरून गब्बर ओरडतोय, अशी लग्नं आम्ही लावलेली आहेत. पण पहिली रेकॉर्ड देवाची, आणि ती बहुतेक वेळा प्रल्हाद शिंद्यांच्या विठ्ठलाची. आषाढीला, एकादशीला, पहाटे देवळावरून तोच आवाज. रापलेला, उन्हातून चालत आलेल्या माणसाचा. भीमसेनांचा विठ्ठल गाभाऱ्यातला असंल, शिंद्यांचा दर्शनाच्या रांगेतला आहे. मागून ढकलाढकली चाललीय, पाय भाजतायत, आणि हा पुढच्याच्या खांद्यावरून कळस बघतोय.

हाच माणूस भीमगीतं गायचा. कव्वालीही गायचा. खोक्यात दोन्ही रेकॉर्डी शेजारीशेजारी असायच्या, एकच नाव, एकच फोटो. पण आमच्या गावात एक कर्णा देवळावर होता न एक, वर्षातून एकदा, चौदा एप्रिलला, ओढ्यापलीकडच्या वस्तीत लागायचा. इकडच्या कर्ण्यावर शिंद्यांचा विठ्ठल चालायचा. तिकडच्या कर्ण्यावर तोच गळा बाबासाहेबांचं गायला लागला की पारावरची माणसं म्हणायची, "लई मोठा आवाज करून राह्यले." आवाज तेवढाच होता. मशीनही त्याच स्पीकरवाल्याचं होतं.

२७ जुलै १९७८ ला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात झाला, आणि मराठवाड्यात काय काय पेटलं ते ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको. माझी दहावी होऊन थोडाच काळ झाला होता. आमच्या गावात आग लागली नाही. पण पुढच्या एप्रिलला ओढ्यापलीकडं कर्णा लागला नाही. स्पीकरवाल्याला कुणीतरी सांगून ठेवलं होतं. त्या दिवशी पहाटे देवळावर मात्र रेकॉर्ड लागली, नेहमीचीच, शिंद्यांचीच. वस्तीतली माझ्या वर्गातली दोघं जणं ओढ्यावर जनावरं पाजत होती. ती मान वर न करता ऐकत होती. तेव्हापासून मला ती रेकॉर्ड नुसती भक्तीची म्हणून ऐकता येत नाही. संगीत कोणतं चांगलं हे आपण कानानं ठरवतो असं म्हणतो, पण त्या दिवशी कान सगळ्यांचे तेच होते न गळाही तोच होता.

पुढं टेप आले न गोष्ट बदलली. कर्णा बंद करता येतो, दोनशे रुपयाचा टेप कोण बंद करणार? वामनदादा कर्डकांची गाणी क्यासेटवर भरून घराघरात गेली. सिन्नरकडच्या देशवंडीचा हा माणूस, शाळेचं तोंड न पाहिलेला, पण त्यांच्या गाण्याची बांधणी बघा. एक विचार धरायचा न कडव्याकडव्यानं तो असा पुढं न्यायचा की शेवटी ऐकणाऱ्याला उत्तर देता येऊ नये. वकिलासारखं. यादीतल्या इंग्रजी अल्बमवर पुस्तकं आहेत. वामनदादांवर जेवढं व्हायला पाहिजे तेवढं बोलणं आमच्या साहित्याच्या मांडवात अजूनही होत नाही. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला, त्या रात्री ओढ्यापलीकडं कर्णा लागला तो उजाडेपर्यंत. माझ्या उसाला त्या रात्री पाणी होतं. दोन्ही कानांनी ऐकलं.

यादीत नसलेलं दुसरं 'जैत रे जैत'. १९७७ चा जब्बार पटेलांचा सिनेमा, गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरून, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं आणि गाणी आमच्या ना. धों. महानोरांची. आमच्या म्हणतो, कारण पळसखेड आमच्याच जिल्ह्यात, अजिंठ्याच्या डोंगराच्या पलीकडच्या बाजूला. सिनेमा कोकणाकडच्या ठाकरांचा. पण गाण्यातलं रान ऐकलं तर ते स्वतः नांगरलेल्या माणसाचं आहे. पिकलेलं झाड, उतरून आलेलं आभाळ, ओल्या मातीचा वास, हे शहरातल्या कवींनीही लिहिलंय. फरक असा की त्यांच्या पावसात माणूस भिजतो, महानोरांच्या पावसात माणसाचं रान भिजतं. आशाबाईंनी तो फरक गळ्यात बरोबर घेतलाय, आणि रवींद्र साठे, चंद्रकांत काळे यांच्या आवाजात ढोलासंगं जो खर्ज येतो त्यानं डोंगर उभा राहतो.

आम्हा शेतकऱ्यांना महानोरांचा अभिमान इतका की त्यांच्याविषयी उणं कुणी बोलत नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ते गेले तेव्हा आमच्याकडं माणसं घरचं गेल्यासारखी बसली होती. तरी एक बोलतो. त्या रेकॉर्डवर पाऊस येतो तो भरून येतो. माझी पिढी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या आईबापांची पोरं. आम्ही सुकडी खाऊन वाढलो. आम्हाला कोरड्या आभाळाचंही एक गाणं, याच मंगेशकरी तोलाचं, याच वाद्यमेळाचं पाहिजे होतं. कवितेच्या पुस्तकात त्यांनी दुःख लिहिलंय, ते मी वाचलंय. पण पुस्तक हजारांत जातं न रेकॉर्ड लाखांत. लाखांपर्यंत हिरवंच रान पोचलं. सिनेमाला तसंच पाहिजे असणार, हे मलाही कळतं.

खुलताबादेच्या उरसात लहानपणी ऐकलेली कव्वाली, ती आणखी एक. आमच्या शहराचा सिराज औरंगाबादी, अठराव्या शतकातला. त्याची सगळ्यात गाजलेली गजल पाकिस्तानच्या आबिदा परवीन यांनी गायलीय, ती पुतण्यानं भरून दिली होती, आणि त्याला ठाऊकही नव्हतं की हा शायर आपल्या गावचा. मला उर्दू अर्धी कळते, तीही बाजारातली. पण त्या बाई एकच शब्द पुन्हा पुन्हा घेतात न दर वेळी तो वेगळ्या उंचीवरून खाली सोडतात. आमची आई जात्यावर असंच करायची. देवाचं नाव घेतलं की ते तीन वेळा, तीन वजनात.

आणि ते कुठंच नाही. आईच्या ओव्यांची रेकॉर्ड नाही, क्यासेट नाही. गावात पहिला टेप आला तेव्हा पिठाची गिरणी आधीच आली होती, जातं परसात उलटं पडलं होतं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ या दोघांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, ते काम आता मोबाईलवर ऐकायला मिळतं. मी मावळातल्या, बीडकडच्या बायकांच्या ओव्या ऐकल्या. वाद्य नाही, नुसतं जात्याचं घरघर, नाही तर तेही नाही. मधीच कुणी खोकतं, कोंबडा आरवतो, एक बाई शब्द विसरते न दुसरी उचलते. पुतण्याच्या यादीतल्या कुठल्याच अल्बममध्ये कुणी खोकत नाही.

एक लाख ओव्या म्हणजे किती वाफे होतात ते मी हिशोब केलेला नाही. दोनशेच्या वर ऐकून झाल्यात. नात्यांच्या, भावाच्या, सीतेच्या, बाबासाहेबांच्याही. हो, त्याही बायकांनी जात्यावर गायल्यात, न एकाच संग्रहात विठ्ठलाच्या शेजारी ठेवल्यात. पुतण्याला मी दुवा पाठवलाय. त्यानं उलट विचारलं, "नाना, यातली कोणती आधी ऐकू?" मी म्हणलं, कुठूनबी लाव. पुढच्या आठवड्यात लाईट दिवसाची आहे, मग हरभऱ्याला एक पाणी आणि अद्रकीची काढणी. बाकीच्या यादीचं त्यानंतर बघू.